क्लफ की टेलर? एका फुटबॉल मॅनेजरची कारकीर्द आणि श्रेयाचा हिशोब

'कंट्रोल' या शब्दाची व्याख्या तुम्हाला पाठ असणारच. एक गोष्ट बदला, बाकी सगळं तसंच ठेवा आणि फरक मोजा. लॅबमध्ये हे जमतं, माणसाच्या आयुष्यात जमत नाही, कारण आयुष्य दुसऱ्यांदा चालवून बघता येत नाही. तरी इतिहासात एखादी कारकीर्द अशी सापडते की वाटतं, अरे, हा तर जवळजवळ प्रयोगच झाला! इंग्लंडच्या ब्रायन क्लफची कारकीर्द मला तशी वाटते. फुटबॉल बघत नसाल तरी वाचा, ऑफसाइडचा नियम कुठेच लागणार नाही.

क्लफचा जन्म 1935 सालचा, मिडल्सब्रोचा. आधी मिडल्सब्रो आणि मग संडरलंड या क्लबांसाठी लीगच्या 274 सामन्यांत त्याने 251 गोल केले. हा आकडा घाईत वाचून पुढे जाऊ नका. मात्र यातले जवळजवळ सगळे गोल दुसऱ्या श्रेणीतले आहेत आणि इंग्लंडकडून तो फक्त दोन सामने खेळला. 26 डिसेंबर 1962 ला बरी संघाविरुद्ध गोलकीपरशी टक्कर होऊन त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. 1964 मध्ये तो परतला, पहिल्या श्रेणीत तीन सामने खेळला, एक गोल केला आणि थांबला. एकोणतिसाव्या वर्षी खेळ संपला होता.

आता दुसरा माणूस. पीटर टेलर हा मिडल्सब्रोचा गोलकीपर, वयाने क्लफपेक्षा मोठा. क्लफला संघात कोणी फारसं विचारत नव्हतं तेव्हा या पोरात काहीतरी आहे हे ओळखणारा. 1965 मध्ये तळाच्या श्रेणीतल्या हार्टलपूल्सने क्लफला मॅनेजर केलं, तेव्हा त्याने पहिला फोन टेलरला लावला. तिथून जोडी जमली. ढोबळ वाटणी अशी सांगतात: खेळाडू हेरायचा टेलरने, त्याच्याकडून खेळ काढून घ्यायचा आणि जगाशी भांडायचं क्लफने.

हार्टलपूल्स दोन हंगामांत अठराव्या जागेवरून आठव्यावर आला. 1967 मध्ये दोघं दुसऱ्या श्रेणीतल्या डर्बी काउंटीला गेले. पहिल्या हंगामात संघ कितवा आला? अठरावा. म्हणजे ते यायच्या आधीपेक्षा एक पायरी खाली! पुढच्या वर्षी डर्बीने ती श्रेणी जिंकली आणि 1972 मध्ये थेट इंग्लंडची लीग. तेही कसं, तर डर्बीचे सामने संपले होते, गुण 58, आणि खेळाडू टेलरबरोबर मायोर्कात सुट्टीवर होते. लीड्स आणि लिव्हरपूल दोघांनाही शेवटच्या सामन्यात जिंकता आलं नाही आणि विजेतेपद सुट्टीवरच्या माणसांच्या पदरात पडलं.

ऑक्टोबर 1973 मध्ये संचालकांशी वाजलं, दोघांनी राजीनामे दिले आणि तिसऱ्या श्रेणीतल्या ब्रायटनला गेले. इथून आपला 'प्रयोग' सुरू होतो.

ब्रायटनला जोडी पूर्ण होती, तरी हंगामाअखेर संघ एकोणिसावा. 1974 च्या उन्हाळ्यात क्लफ एकटाच लीड्सला गेला, टेलर ब्रायटनलाच राहिला. लीड्स तेव्हा गतविजेता होता आणि क्लफने आदली अनेक वर्षं त्या संघाला धसमुसळा म्हणून जाहीर झोडपलं होतं. 44 दिवसांत त्याला काढून टाकलं. जानेवारी 1975 मध्ये तो दुसऱ्या श्रेणीतल्या नॉटिंगहॅम फॉरेस्टला आला, पुन्हा एकटाच. संघ आधी सोळावा, पुढच्या हंगामात आठवा. 1976 मध्ये टेलर येऊन मिळाला. 1977 ला फॉरेस्ट तिसरा येऊन वर चढला, 1978 ला लीग जिंकली, मग 1979 आणि 1980 असा सलग दोनदा युरोपियन कप. मधे लीगचे सलग 42 सामने न हरता.

मोह कळतो ना? टेलर नसताना सोळावा, आठवा. टेलर आल्यावर युरोप. ग्राफ काढा, टेलर आला तिथे उभी तुटक रेघ मारा, पेपर तयार!

मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा असंच म्हटलं होतं. पण थोडं थांबा. टेलर आला तेव्हा क्लफचं दीड वर्षाचं काम आधीच झालं होतं. मॅकगव्हर्न, जो कर्णधार म्हणून पुढे दोन्ही युरोपियन कप उचलणार होता, त्याला क्लफने 1975 मध्येच लीड्सहून आणलं होतं. विंगर जॉन रॉबर्टसन तर क्लफच्याही आधीपासून क्लबात होता. मग 1977 चं यश टेलरच्या येण्याचं, की आधीच्या दीड वर्षाचं उशिरा आलेलं पीक? डर्बीचं पहिलं वर्ष आठवा. तिथेही वर्षभर काहीच दिसलं नव्हतं. लीड्सला क्लफने लीगचे सहा सामने पाहिले, त्यातला एक जिंकला. सहाच्या सॅम्पलवर तुमचे गाइड तुम्हाला निष्कर्ष काढू देतील का? आणि लीड्सला फक्त टेलर नव्हता असं नाही. तिथे दुखावलेला, वयस्कर, आधीच सगळं जिंकलेला संघही होता. एका वेळी चार गोष्टी बदलल्या की त्यातली आपल्या आवडीची एक उचलायची, याला विश्लेषण म्हणत नाहीत.

उलट बाजूही पाहा. केनी बर्न्स हा बर्मिंगहॅमचा बेभरवशाचा म्हणून गाजलेला खेळाडू. क्लफला तो नको होता, टेलरने हट्ट धरला. फॉरवर्डचा बचावपटू केला आणि 1978 मध्ये तो इंग्लंडचा वर्षातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. हे गुणतक्त्यात दिसत नाही. त्यासाठी कोणी कोणाला सुचवलं हे शोधावं लागतं, आणि ते सांगणारे बहुतेक तेच दोघं!

इथे मला माझंच एक सांगायचंय. माझ्या पहिल्या पेपरवर पहिलं नाव माझं आहे. कोणते नमुने घ्यायचे आणि कोणते टाकून द्यायचे हे एका सीनियरने ठरवलं होतं. तिचं नाव चौथं आहे. मी तेव्हा काही बोललो नाही. लिहिणं माझं, आकडेमोड माझी, म्हणजे पेपर माझा असं मला मनापासून वाटत होतं. नंतर तसेच नमुने स्वतः निवडायला बसलो तेव्हा तीन महिने वाया गेले.

टेलर 1982 मध्ये फॉरेस्टमधून निवृत्त झाला आणि त्याच वर्षी डर्बीचा मॅनेजर म्हणून परतला. एकट्याने. 1984 मध्ये डर्बी तिसऱ्या श्रेणीत घसरला. क्लफ एकट्याने फॉरेस्टला अकरा वर्षं राहिला: लीगमध्ये तीनदा तिसरा, 1989 आणि 1990 चे लीग कप, 1991 च्या एफए कपची अंतिम फेरी. वाईट म्हणता येणार नाही, पण लीग पुन्हा आली नाही. 1993 मध्ये संघ तळाला जाऊन खाली घसरला आणि तो निवृत्त झाला. या वर्षांत त्याचं दारूचं व्यसनही वाढत गेलं होतं. आणखी एक व्हेरिएबल.

दोघांचं मधेच फाटलं होतं. 1980 मध्ये टेलरने क्लफला न सांगता दोघांच्या जोडीवर पुस्तक काढलं, ते क्लफला लागलं. 1983 मध्ये क्लफ बाहेरगावी चालत असताना टेलरने त्याच रॉबर्टसनला डर्बीसाठी घेतलं. त्यानंतर अबोला. ऑक्टोबर 1990 मध्ये टेलर गेला, तोवर ते बोलले नव्हते. अंत्यविधीला क्लफ गेला. 1994 चं आत्मचरित्र त्याने टेलरला अर्पण केलं. स्वतः 2004 मध्ये गेला.

नॉटिंगहॅममध्ये 2008 साली क्लफचा पुतळा उभा राहिला, तो एकट्याचा. डर्बीच्या मैदानाबाहेर 2010 साली बसवलेल्या पुतळ्यात मात्र दोघं शेजारी उभे आहेत. फॉरेस्टने आपल्या मुख्य स्टँडला पीटर टेलरचं नाव दिलं ते 2015 मध्ये. क्लफच्या नावाचा स्टँड तिथे समोरच्या बाजूला आधीपासून होताच.