मिठी नदीची हकीकत



बोरीच्या मंडळींनी मला विषय विचारला, तेव्हा मी कामगार चळवळीवर बोलेन अशीच त्यांची अपेक्षा असावी. मी नाव सांगितले ते एका ओढ्याचे. तो आपल्या शिवारातला नव्हे, मुंबईच्या उपनगरांतला आहे. पण आपल्या मराठवाड्यातून पोटासाठी मुंबईस गेलेल्या कितीतरी माणसांची घरे त्याच्या काठी आहेत, आणि माझीही उमेदीची वर्षे तेथेच गेली. नकाशावर तिला मिठी नदी म्हणतात. आम्ही साकीनाक्याचे कामगार तिला नालाच म्हणत असू. माझे शाळेतले शिक्षण बेताचे. जे सांगणार आहे ते वाचनालयातून आणि काठाकाठाने चालून जमविलेले आहे.

आपल्या पायाखालचा काळा पाषाण आणि मिठीच्या तळाचा खडक एकाच कुळातले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून लाव्हा बाहेर पडला, थरावर थर चढले आणि दख्खनचे पठार झाले. आपल्याकडे हे थर भाकरींच्या चळतीसारखे जवळजवळ आडवे आहेत. म्हणून जिंतूरकडच्या टेकड्या माथ्यावर सपाट दिसतात. मुंबईकडे मात्र तीच चळत समुद्राच्या बाजूस कललेली आहे. आपले पाणी पूर्णेतून गोदावरीस आणि शेकडो मैल चालून बंगालच्या उपसागरास मिळते. मिठीचा सारा प्रवास जेमतेम १८ किलोमीटरांचा. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यांपासून निघून आरे, साकीनाका, कुर्ला, कलिना, धारावी असे करीत ती माहीमच्या खाडीस मिळते.

या अठरा किलोमीटरांत दोन निराळी पाणी आहेत, हे नीट ध्यानात घ्यावे. वरची मिठी डोंगरातला खळाळता ओढा आहे. विहारचा सांडवा समुद्रसपाटीपासून सुमारे ८० मीटर उंच, आणि तेथून ती झपाट्याने उतरते. खालची मिठी मुळात ओढाच नव्हे. ती समुद्राचा आत शिरलेला हात आहे. तेथे उतार नाहीसाच, तळाशी चिखल, काठाला तिवरांची झाडे, आणि भरतीचे पाणी दिवसातून दोनदा उलटे वर चढणार. मुंबईचे बेट आणि साष्टी यांच्यामधली वेस ती हीच. डोंगराचे पाणी धावत येते आणि समुद्राचे पाणी त्यास अडविते. दोघांना टेकावयास जागा हवी, म्हणून निसर्गाने तेथे रुंद दलदल ठेवली होती.

ती जागा कोणी घेतली? माणसे उत्तर देतात : झोपडीवाल्यांनी. मी कामगारांचा माणूस आहे, माझा पक्षपात धरून चाला. पण सनावळी तरी पाहा. शीव येथे खाडीवर बांध पडला तो १८०३ च्या सुमारास पुरा झाला. माहीमचा बांध १८४५ चा. मुंबईस पाणी हवे म्हणून १८६० साली विहारचा तलाव झाला आणि ओढ्याचे उगमाकडचे पाणी अडले. पवईचा तलाव १८९१ च्या सुमारास झाला. पुढे विमानतळ वाढला, तेव्हा धावपट्टीखालून जाताना नदीला काटकोनात वळावे लागले. वाहते पाणी काटकोन जाणत नाही, हे आपल्याकडे पाटाचे पाणी देणारे पोरही सांगेल. नंतर वांद्रे-कुर्ला संकुलासाठी दलदलीवर भराव पडला आणि तेथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. झोपड्याही आल्या, नाकारीत नाही. कारखान्यांना हात हवे होते. त्या हातांना घर मात्र कोणी दिले नव्हते.

२६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. आपल्याकडे सबंध वर्षात साधारण एवढाच पडतो. गंमत अशी, की त्याच दिवशी कुलाब्यास शंभर मिलिमीटरही झाला नाही. दुपारी मोठी भरती होती. डोंगराचे पाणी खाली आले, समुद्राने दार लावले, आणि मधली दलदल तर भरावाखाली गेलेली. मी संध्याकाळी साकीनाक्याहून कुर्ल्याकडे निघालो. छातीइतक्या पाण्यात एकमेकांचे सदरे धरून आम्ही साखळी केली होती. पाण्यास मशीनच्या तेलाचा वास येत होता, आणि तो वास माझ्या ओळखीचा होता.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. ज्या गाळ्यात मी लेथवर काम शिकलो, तेथले जळके तेल आणि धातूचा चुरा मागल्या दाराने नाल्यात जाई. ओतणारा हात कधी कधी माझाच असे. पुढे मी युनियनचे काम हाती घेतले. बोनससाठी लढलो, रजेसाठी लढलो, एकदा एका पंख्यासाठी दोन दिवस काम बंद ठेवले. त्या तेलाबद्दल आमच्या कोणत्याही मागणीपत्रात एक ओळ नव्हती. मालकाचे नुकसान होईल असे कलम आम्ही सहज लिहीत होतो. आमच्याच बायकामुलांच्या उशाशी वाहणारे पाणी आम्हांला कलम वाटले नाही.

त्या पुरानंतर सरकारने माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. नदीसाठी प्राधिकरण झाले. पात्र रुंद केले, गाळ काढला, काठाने भिंती बांधल्या. भिंतीने नदीचे पाणी वस्तीत येणे काही ठिकाणी कमी झाले, हे खरे. पण भरतीच्या वेळी नदी वर चढली, की वस्तीतल्या गटारांचे पाणी तिच्यात उतरत नाही. ते मागे फिरून गल्लीत साचते. पात्र रुंद करताना ज्यांची घरे गेली, त्यांतल्या पुष्कळांना दूर माहुलला धाडले; तेथे शेजारी तेलशुद्धीकरणाचे कारखाने. आमच्या गल्लीतली एक म्हातारी तिकडून भेटावयास आली होती. मी विचारले, "मावशी, कसं आहे नवं घर?" ती म्हणाली, "पाणी येत नाही रे बाबा. वास तेवढा येतो, ओळखीचा."