रिकव्हरी मोड (उबंटू)

रिकव्हरी मोड ही उबंटू या लिनक्स-आधारित संचालन प्रणालीतील दुरुस्तीसाठीची मर्यादित अवस्था होय. ग्रब या बूटलोडरच्या यादीतील प्रगत पर्यायांतून ती निवडतात. यादी दिसत नसल्यास संगणक सुरू होताना बायोस पद्धतीत शिफ्ट, तर यूईएफआय पद्धतीत एस्केप ही कळ दाबावी लागते. घरगुती सर्व्हर बहुधा नेटवर्कवरूनच हाताळला जातो. या अवस्थेत नेटवर्क आपोआप सुरू होत नसल्याने त्याला पडदा व कीबोर्ड जोडणे भाग पडते.

नावामुळे ही निराळी, राखीव प्रणाली असल्याचा समज होतो. तो खरा नाही. तिलाही नेहमीचेच कर्नल, त्यासोबतची इनिटरामएफएस ही फाइल आणि मूळ विभाजन लागते. म्हणूनच बूट विभाजन भरल्यामुळे कर्नलचे अद्ययावतीकरण अर्धवट राहिले असेल, तर रिकव्हरी मोडही सुरू होत नाही. अशा वेळी यादीतील आधीचे कर्नल निवडून पाहावे. पुष्कळदा तेवढ्याने काम भागते.

न भागल्यास यूएसबीवरील लाइव्ह उबंटूतून संगणक सुरू करतात. डिस्क खराब होत असल्याची शंका असल्यास घरातील छायाचित्रे, कागदपत्रे इत्यादी प्रथम अन्यत्र उतरवून घ्यावीत. एफएससीके ही दुरुस्तीची आज्ञा डिस्कवर लिहिते, त्यामुळे बिघडत्या डिस्कवर उरलेलेही गमावण्याचा धोका असतो. माउंट केलेल्या विभाजनावर तर ती चालवूच नये. डिस्क सुस्थितीत असल्यास सीएचरूटद्वारे मूळ प्रणालीत शिरून, जुनी कर्नले काढून जागा करावी आणि इनिटरामएफएस नव्याने बनवावी.