कर्ज फिटलं, वर उरलं ते कुणाचं?

कर्जाच्या इतिहासावर काम करायचं ठरलं की आपण सगळे एकाच बाजूने कागद वाचायला लागतो. किती घेतलं, व्याज किती लागलं, जमीन कधी गेली. माझंही सुरुवातीला तसंच झालं. आज तुम्हाला उलट बाजूचा एक प्रश्न सुचवते. कर्ज फिटून काही वर उरलं, तर ते कुणाचं? आणि ते खरंच त्याच्या हातात पडतं का?

समजा, शहापूर तालुक्यातल्या शेणव्यासारख्या गावात तुमच्यासमोर कुणी पत्र्याची पेटी उघडली. आत दोन कागद निघाले. एक, वडिलांची आयुर्विम्याची पॉलिसी, घराच्या कर्जासाठी तारण ठेवलेली. दुसरा, पणजोबांच्या वेळचं ताबेगहाणखत. पेटी कल्पनेतली आहे, पण असे कागद खरे असतात. वरवर पाहता त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरीही दोघांना विचारायचा प्रश्न एकच आहे.

आधी पॉलिसी घेऊ. एंडोमेंट पॉलिसीत मुदत संपली की ठरलेली रक्कम मिळते, मध्येच माणूस गेला तर ती घरच्यांना मिळते. १ सप्टेंबर १९५६ ला २४५ विमा कंपन्या आणि सोसायट्या मिळून आयुर्विमा महामंडळ झालं. मूळ कायद्याच्या कलम २८ प्रमाणे हिशेबात निघणाऱ्या वाढाव्याचा किमान ९५ टक्के भाग पॉलिसीधारकांसाठी राखायचा होता. हाच वाढावा नफ्यात वाटा असलेल्या पॉलिसीवर बोनस म्हणून चढतो. म्हणून अखेरीस मिळणारी रक्कम मूळ विमा रकमेपेक्षा जास्त असते.

आता हिशेब करून बघा. कर्जाची बाकी ५० हजार आहे आणि पॉलिसी मॅच्युअर झाल्यावर बोनस धरून ८० हजार आले. कर्ज देणारा त्यातून आपले ५० हजार घेणार. उरलेले ३० हजार कर्जदाराचे. पॉलिसी बँकेच्या नावावर असाइन केलेली असली तरी ती तारण म्हणून होती, विकलेली नव्हती. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात घरकर्जाची ही पद्धत जोरात होती. दरमहा बँकेला फक्त व्याज द्यायचं, सोबत विम्याचा हप्ता भरायचा, आणि मुद्दल शेवटी पॉलिसीतून फेडायचं. वर काही उरेल अशी आशा दाखवली जायची. पुढे गुंतवणुकीवरचा परतावा घसरला आणि अनेकांना उरण्याऐवजी तूटच आली. म्हणजे वाढावा गृहीत धरायचा नसतो, प्रत्येक वेळी तपासायचा असतो.

आपल्याकडची खरी अडचण दुसरीच होती. विमा कायदा १९३८ चा. त्याच्या कलम ३९ प्रमाणे पॉलिसी बँकेच्या नावे असाइन केली की आधीचं नामनिर्देशन आपोआप रद्द व्हायचं. (खुद्द विमा कंपनीकडूनच पॉलिसीवर कर्ज घेतलं असेल तर नाही.) कर्ज फिटलं, बँकेने पॉलिसी परत नावावर करून दिली, तरी नॉमिनीचं नाव पुन्हा नोंदवावं लागे. ते राहून गेलं आणि माणूस गेला, तर पैसे वारसांचेच, पण ते मिळवायला कोर्टातून दाखला आणायची वेळ येऊ शकायची. २०१५ च्या दुरुस्तीने हे बदललं. आता कर्ज देणाऱ्याचा जेवढा हक्क, तेवढ्यापुरताच नॉमिनीच्या हक्काला धक्का लागतो. हक्क कुणाचा हे १९३८ पासून स्पष्टच होतं. तो पोचायचा कसा, यावर मात्र इतकी वर्षं गेली.

आता दुसरा कागद. ताबेगहाणात जमीन सावकाराच्या ताब्यात जायची आणि पीकही तोच घ्यायचा. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा मुंबई इलाख्याला १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला. त्याचं कलम ७६ सांगतं की ताबा घेणाऱ्याने उत्पन्नाचा चोख हिशेब ठेवावा, आणि मुद्दल-व्याज वजा जाता काही उरलं तर ते गहाण देणाऱ्याला द्यावं. वाचून बरं वाटतं ना? मग कलम ७७ वाचा. ‘उत्पन्न व्याजाच्या बदल्यात’ असा करार असेल, तर हिशेबाची ही जबाबदारी लागूच होत नाही. खतात एक ओळ घातली की वरचं उरणं बंद! पीक कितीही येवो, मुद्दल तिथेच. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले, त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. त्याने कोर्टांना कागदामागे जाऊन व्यवहाराचा मूळापासून हिशेब तपासायला सांगितलं. पण सुरुवातीला तो पुणे, सातारा, सोलापूर, नगर एवढ्यापुरताच होता. ठाणे जिल्हा त्यात नव्हता.

आणि पेटीत एक कागद नसतोच. ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासी भागात लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेऊन त्याच्याकडे राबणाऱ्याला लग्नगडी म्हणत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस डी. सिमिंग्टन यांनी सरकारसाठी केलेल्या चौकशीत ही प्रथा नोंदवली आहे. १९४५ मध्ये श्यामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली डहाणू-उंबरगावच्या वारल्यांनी वेठीबरोबर तिच्याविरुद्धही लढा दिला. लग्नगड्याने किती दिवस राबलं, त्याची मजुरी किती, कर्जातून किती वजा झाली, हे लिहिणारी त्याची स्वतःची वही नव्हती. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने असं कर्ज रद्द केलं. पण कर्जापेक्षा जास्त राबलेली वर्षं कुठल्या रकान्यात मांडणार?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. वर उरलेलं ऋणकोचं, हे तत्त्व जुनंच आहे. पण जिथे हिशेब लिहिला गेला आणि तो मागायची सोय होती, तिथेच ते त्याच्यापर्यंत पोचण्याची शक्यता होती.

तुम्ही कागद बघायला बसाल तेव्हा तीन गोष्टी करा. पॉलिसी उलटून मागच्या बाजूचे शेरे आणि त्यांच्या तारखा वाचा. गहाणखतात उत्पन्न कशाच्या बदल्यात लावलंय ते शोधा. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’मध्ये बोजा कधी चढला हे तर आपण बघतोच, तो कमी केल्याचा फेरफार आहे का, हेही बघा. आणि घरच्यांची नावं प्रबंधात आणू नका; कागद त्यांनी विश्वासाने दाखवलेला असतो.

शेवटी वहीत एक रकाना जास्तीचा आखा: ‘वर उरलं’. तो रिकामा राहिला तर का राहिला, तेही लिहा. बऱ्याचदा तुमचा संशोधनप्रश्न तिथेच सापडेल.