मूल असेल तिथे शाळा

आमच्या घरात गोष्टी सांगाव्यात त्या आत्यानेच. पण तिच्या गोष्टी राजाराणीच्या नसत. त्या असत बोर्डीच्या, कोसबादच्या आणि डहाणू तालुक्यातल्या पाड्यांच्या. साठच्या दशकात ती कोसबादच्या टेकडीवर बालशिक्षणाचं प्रशिक्षण घ्यायला गेली आणि पुढे नोकरी संपेपर्यंत तिने सहा वर्षांच्या आतल्या मुलांनाच शिकवलं. हा इतिहास तारीखवार मी नंतर वाचला. त्यातली माणसं मात्र तिच्यामुळे आधीच ओळखीची झाली होती.

गोष्ट सुरू व्हायची भावनगरपासून. वकिली सोडून मुलांमध्ये रमलेल्या गिजुभाई बधेकांनी १९२० साली तिथल्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढलं. राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाचं प्राचार्यपद सोडून ताराबाई मोडक १९२३ मध्ये तिथे दाखल झाल्या. मोठ्या पदावरची बाई तीन वर्षांच्या पोरांपाशी जमिनीवर येऊन बसली, याचं आत्याला अखेरपर्यंत अप्रूप होतं. १९२६ मध्ये या मंडळींनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. दहा वर्षांनी ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं. माँटेसरींची पद्धत आपल्या घरांत, आपल्या भाषेत रुजवायची त्यांची धडपड होती. पण ही शाळा पांढरपेशांच्या मुलांपुरतीच राहते, हे त्यांना डाचत होतं. म्हणून १९४५ मध्ये, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं.

त्यांच्या मदतीला आल्या अनुताई वाघ. लहानपणी लग्न झालं आणि काही महिन्यांतच वैधव्य आलं. त्या काळी अशा मुलीचं आयुष्य माजघरातच सरायचं. अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या, नोकरी करता करता मॅट्रिक झाल्या आणि पस्तिसाव्या वर्षी बोर्डीला गेल्या. पदवी मिळवली ती पन्नाशीला आल्यावर. “माझ्या शिकवणाऱ्या बाई स्वतः परीक्षेला बसत होत्या,” हे आत्या ज्या तोऱ्यात सांगायची, तो तोरा मला हवाहवासा वाटे.

१९५७ मध्ये काम बोर्डीच्या किनाऱ्यावरून कोसबादच्या टेकडीवर गेलं, वारली वस्तीच्या जवळ. तिथे शहरातलं बालशिक्षण जसंच्या तसं चालेना. आत्या एक प्रसंग सांगायची. बटणं लावायला शिकवणारी लाकडी चौकट तिने पाड्यावर नेली. मुलांच्या अंगात सदराच नव्हता, होती ती लंगोटी. बटण हे कशासाठी असतं, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. चौकट फळीवर गेली आणि दोरी आली. दावं बांधणं, सोडणं, निरगाठ, सुरगाठ. गुरांच्या घरातली पोरं ती, त्यांची बोटं भराभर चालू लागली. बोटांना जे वळण चौकटीतून मिळायचं, ते दोरीतूनही मिळालं.

साहित्याचं सगळं असंच. चिंचोके, सागरगोटे, शिंपले, नदीतले गोटे, बांबूच्या कांड्या. लहान-मोठं, जड-हलकं, गुळगुळीत-खरबरीत हे सगळं त्यातून शिकता येतं. महागडं साहित्य कपाटात जपून ठेवावं लागतं. चिंचोका हरवला तर झाडाखाली दुसरा मिळतो. आत्याच्या दिवसाची सुरुवात मात्र पाण्याने व्हायची. तोंड धुणं, नखं काढणं, केस विंचरणं. उवा काढता काढता ती मुलाशी बोलत राहायची, आधी त्याच्या बोलीत, मग हळूच प्रमाण मराठीत. तिच्या लेखी भाषेचा पहिला धडा तोच होता.

तरी मोठी मुलं शाळेत येईनात. मुलीच्या कडेवर धाकटं भावंड असायचं, मुलाच्या मागे गुरं. यावर दोन वाटा निघाल्या. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी ही पहिली. धाकटं पाळण्यात निजलं की थोरली अक्षरं गिरवायला मोकळी. दुसरी वाट कुरणशाळेची. मुलगा गुरं सोडून शाळेत येत नसेल, तर शिक्षकाने फळा घेऊन कुरणात जायचं. आणि ज्या मुलांना टेकडी चढून येणं झेपत नव्हतं, त्यांच्यासाठी पाड्यातल्याच कुणाच्या अंगणात बालवाडी भरू लागली.

या अंगणातल्या बालवाडीचं नाव पुढे देशभर पोचलं. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव गेली. ताराबाई त्याआधीच, १९७३ मध्ये, गेल्या होत्या. अनुताई १९९२ मध्ये गेल्या. त्यांना पद्मश्री आणि ताराबाईंना पद्मभूषण मिळालं, हे आत्या अभिमानाने सांगे. पण नाव गेलं तसं तंत्र सगळीकडे गेलं नाही, ही तिची खंत होती. सेविकेच्या वाट्याला वजनकाटा, पोषण आहार, लसीकरण आणि रजिस्टरं आली. दोरी आणि चिंचोके मागे पडले. आजही सेविकेच्या हातात पडतं ते मानधन, पगार नव्हे. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ सालचा निकाल यावा लागला.

मी स्वतः बालवाडीत शिकवू लागले तेव्हा लोक विचारत, “पुढे मोठ्या वर्गांवर जाणार ना?” लहानांना शिकवणं ही जणू पहिली पायरीच. ताराबाई उलट दिशेने आल्या. प्राचार्यपदावरून बालमंदिरात, दादरहून बोर्डीला, बोर्डीहून टेकडीवर. प्रत्येक वेळी त्या अधिक अवघड कामाकडे गेल्या. लिहितं-वाचतं मूल आपली अडचण सांगू शकतं. तीन वर्षांच्या मुलाची अडचण त्याच्या बोटांतून, रडण्यातून, गप्प बसण्यातून ओळखावी लागते. त्याला अभ्यास लागतो, नजर लागते आणि वर्षं लागतात.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते सहा वयाला शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात घेतलं आहे. हे योग्यच झालं. आता त्या टप्प्यावर उभ्या असलेल्या बाईला पूर्ण प्रशिक्षण, पूर्ण पगार आणि मुलांसाठी पुरेसा वेळ द्या. कोसबादने काय करायचं ते दाखवून दिलेलं आहे. ते करणाऱ्या हातांची किंमत ओळखणं आपल्याकडे बाकी आहे.