अरब-चीन सागरी व्यापार आणि कोकण

इ. स.च्या आठव्या ते दहाव्या शतकांत इराणच्या आखातातील सिराफ, बसरा या बंदरांपासून दक्षिण चीनमधील ग्वांगझौपर्यंत चाललेल्या जलवाहतुकीशी कोकण किनाऱ्याचा आलेला संबंध.

851 मध्ये संकलित झालेल्या ‘अख्बार अस्-सीन वल्-हिंद’ या अरबी ग्रंथात चीन व हिंद यांची माहिती एकत्रच येते. खलिफा, चीनचा सम्राट आणि रोमचा बादशहा यांच्या पंगतीला त्यात चौथा थोर राजा म्हणून ‘बल्हरा’, म्हणजे मान्यखेटचा राष्ट्रकूट राजा, बसवला आहे. तो अरबांवर मेहेरनजर ठेवत असे. ज्याच्या बंदरांत आपला माल सुखरूप उतरतो त्याला व्यापारी थोर म्हणणारच, हे ध्यानात ठेवून ही स्तुती वाचावी.

चिनी माल कोकणात येई तो बहुधा अरब व्यापाऱ्यांसारख्या मधल्या दलालांमार्फत. 1998 मध्ये इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ सापडलेले नवव्या शतकातील जहाज अरबी धाटणीचे, दोरांनी शिवलेल्या फळ्यांचे होते; त्यात सुमारे 60,000 चिनी भांडी होती. संजाणच्या (आता जि. वलसाड, गुजरात) उत्खननातही चिनी भांड्यांची खापरे पश्चिम आशियातील निळसर झिलईच्या खापरांसोबत मिळाली.

बगदादचा अल-मसूदी हिजरी 304 मध्ये (916-17) सैमूरला, म्हणजे रायगड जिल्ह्यातील चौलला आला. तेथे झंझ हा उत्तर कोकणचा शिलाहार राजा होता (कोल्हापूरचे शिलाहार निराळे, ते घाटावरचे व पुढच्या काळातले). मसूदीने तेथील मुसलमानांची वस्ती सुमारे 10,000 सांगितली आहे: सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले आणि इथेच जन्मलेले. राजा त्यांचा मुखिया त्यांच्यातूनच नेमी. विडा खाण्याची हौस मक्का, हिजाझ व येमेनपर्यंत पोहोचल्याचेही मसूदीने नोंदवले आहे.

या सर्वांहून मोलाचा पुरावा चिंचणी (जि. पालघर) येथील शके 848 (926) चा ताम्रपट होय, कारण तो परक्या प्रवाशाचा नसून इथल्याच राज्यकारभारातला आहे. राष्ट्रकूट कृष्ण दुसरा याने संजाण मंडलावर मधुमती (मुहम्मद) हा ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी नेमला होता. मधुमतीने तेथे मोफत नाव चालवली आणि भात, कालवण व तूप वाढणारे अन्नछत्र घातले. एका ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठिकेला त्याने इंद्र तिसरा याच्या संमतीने जमीन दिली.