अल्पाशी, बह्वाशी आणि आतड्याचा निरोप

काशीच्या पंचगंगा घाटावर हजार दिव्यांची दगडी दीपमाळ आहे. ती अहिल्याबाई होळकरांनी उभारली असे सांगतात. याच काशीचा राजा दिवोदास धन्वंतरी हा परंपरेने सुश्रुताचा गुरू. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार आहेत. जन्मजात प्रमेहाचा रोगी कृश व अल्पाशी, तर अपथ्याने जडलेल्या प्रमेहाचा स्थूल व बह्वाशी. भूक आणि मधुमेह यांचे नाते वैद्यांनी असे टिपले होते. ते कशाने जुळते, हे कळण्यास मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

१९०२ मध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी सिक्रेटिन हा आतड्याचा रासायनिक निरोप्या शोधला. १९६४ मध्ये दिसून आले की, ग्लुकोज शिरेतून देण्यापेक्षा तोंडावाटे दिल्यास इन्सुलिन अधिक स्रवते. अर्थात अन्न आल्याची वर्दी आतडेच स्वादुपिंडाला देते. ही वर्दी देणाऱ्या जीएलपी-१ या संप्रेरकाचे कार्य १९८७ मध्ये स्वेतलाना मोयसोव्ह, जोएल हॅबनर आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवले. रक्तशर्करा वाढलेली असतानाच ते इन्सुलिन वाढवते आणि जठर रिकामे होण्याचा वेग मंदावते. ते मेंदूतील भूकही शमवते, हे १९९६ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत आढळले.

पुढचा प्रश्न अर्धायुष्याचा होता. शरीरातील जीएलपी-१ दोनएक मिनिटांत निम्मे नष्ट होते. १९९२ मध्ये जॉन एंग यांना हिला मॉन्स्टर या सरड्याच्या विषात त्याच्यासारखाच, पण टिकाऊ रेणू सापडला. त्यातूनच २००५ चे एक्झेनाटाइड आले. पुढे रेणूला मेदाम्लाची शेपटी जोडून तो रक्तातील अल्ब्युमिनला चिकटेल अशी योजना झाली. सेमाग्लुटाइडचे अर्धायुष्य त्यामुळे आठवड्यावर गेले. एका मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन घटले; औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातले दोन तृतीयांश परतले.

मार्च २०२६ मधील पेटंटच्या मुदतसमाप्तीमुळे हे औषध भारतात स्वस्त होण्याची वाट मोकळी झाली आहे. अशा वेळी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम आठवावे. २००४ मध्ये त्यांनी आणि ब्रिटनच्या जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के आणि याज्ञिकांचा २१.२ टक्के!

सुश्रुताच्या दोन रोग्यांत न बसणारा हा तिसरा, दिसायला कृश आणि आतून मेदस्वी, आपल्या घरोघरी आहे. औषध कोणाला द्यावे, हे केवळ वजनकाट्यावर ठरवले तर नेमका तोच नजरेतून सुटेल.