वाड्याची दिंडी आणि कायद्याचा उंबरठा



नाशकाच्या जुन्या वस्तींत, गोदाकांठच्या गल्ल्यांतून जातांना एखाद्या पेशवाई वाड्याच्या दारापुढें क्षणभर उभें राहून पाहावें. महाद्वार मोठें; पण रोजची ये-जा त्याच्या पोटांतील दिंडींतून. आंत शिरणाऱ्यास मान वांकवावीच लागते. पाहुण्याची ती नम्रता ठरते. चोराची मात्र ती अडचण, कारण वांकलेल्या माणसास हत्यार उगारतां येत नाहीं. दारामागें भिंतींतील खोबणींत सरकणारा लांकडी अडसर, लगतच पहारेकऱ्याची देवडी, मग चौक, सोपा, माजघर, आणि सर्वांत आंत ती काळोखी खोली, जिच्या अंधाराबद्दल घरांतील सुना पिढ्यान् पिढ्या कुरकुरत आल्या. दागिन्यांचा डबा मात्र तेथेंच असे.

पण चोर दारानेंच येईल असें थोडेंच आहे? श्रीमंताच्या वाड्याला घडीव दगडाचें उंच जोतें. सामान्य माणसाचें घर मातीच्या भिंतीचें. पहारीच्या कांहीं घावांत तिला भगदाड पडे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेंत घरफोडीच्या व्याख्येखालीं पहिलें उदाहरण आहे तें याच प्रकारचें: भिंतीला भोंक पाडून नुसता हात आंत घातला, तरी घरफोडी झाली. कायदा रचणारांनीं इकडच्या भिंती पाहिल्या असाव्यात!

त्यापूर्वीं घराचें रक्षण हें एकट्या घरधन्याचें काम नव्हतें. गांवाला जागल्या असे. कोठें रामोशी, कोठें भिल्ल, कोठें कोळी. चोरी झाली कीं तो पावलांचा माग काढीत निघे. माग दुसऱ्या गांवच्या शिवेंत शिरला, तर पुढची जबाबदारी त्या गांवची: चोर हजर करा, नाहीं तर भरपाई द्या. १८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि नाशिक इंग्रजांकडे गेलें. पुढच्याच वर्षीं एल्फिन्स्टननें आपल्या अहवालांत या पद्धतीचें वर्णन करून ठेवलें. पण नव्या राज्यांत ती हळूहळू मोडत गेली. ज्या जमातींनीं रात्री जागून काढल्या, त्यांतील कित्येकांच्या माथीं पुढें जन्मतःच गुन्हेगार असल्याचा शिक्का बसला. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ मध्यें देशभर लागू करण्याजोगा झाला आणि १९५२ मध्यें रद्द झाला. चोर सोडून संन्याशाला फांशी म्हणतात. येथें तर पहारेकऱ्यालाच बेडी!

आततायी अंगावर आला तर मग तो गुरु असो कीं वृद्ध, त्यास मारणाऱ्यास दोष नाहीं, असें मनुस्मृति सांगते. मेकॉलेच्या आयोगानें १८३७ चा मसुदा केला तेव्हां त्याला वाटलें, येथील लोक चोरांपुढें फारच मुकाट्यानें मान तुकवितात. त्यांना धीर यावा म्हणून स्वसंरक्षणाचा हक्क सढळ असावा. हेतु चांगला. पण त्याच सरकारनें १८७८ मध्यें शस्त्रांचा कायदा करून परवान्यावांचून बंदूक बाळगण्याची बंदी केली. हक्क कागदावर मोठा, आणि हातांत काठी!

तरी तो हक्क क्षुल्लक नव्हे. रात्रीं घर फोडून कोणी आंत शिरला, तर प्रसंगीं त्याचा प्राण घेण्यापर्यंत तो जातो. मर्यादा दोन: जरुरीपेक्षां अधिक इजा करूं नये, आणि पोलिसांची मदत घेण्यास वेळ असेल तर ती घ्यावी. आतां, काळोखांत, मुलेंबाळें मागें निजलेलीं असतां, ‘जरुरी’ मोजावयाची कशी? साताऱ्यास जन्मलेले न्यायमूर्ति गजेंद्रगडकर यांनीं सर्वोच्च न्यायालयांत १९६२ च्या जयदेव खटल्यांत या प्रश्नाचा विचार केला. संकटांतील माणसाच्या मनःस्थितीला सवलत दिलीच पाहिजे. न्यायालयाच्या शांत दालनांतील तटस्थ कसोटी त्याला लावूं नये, असें त्यांनीं म्हटलें. पण त्याच खटल्यांत, धोका टळल्यावर दूर पळणाऱ्या माणसांवर गोळ्या झाडणारांना हा बचाव मिळाला नाहीं.

ता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्यायसंहिता अमलांत आहे. हा हक्क तिच्या ३४ ते ४४ या कलमांत जवळजवळ जसाचा तसा आहे. घरफोडीची वेळ ४१ व्या कलमांत आतां सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीं अशी स्पष्ट लिहिली आहे. चोर घरांत आहे तोंवर घरफोडीविरुद्धचा तो मोठा हक्क आहे. तो दिंडींतून पुन्हां वांकून बाहेर पडला, कीं एरव्हीं तो संपला. बोचकें त्याच्या हातांत असेल तर पाठलाग करावा, तें हिसकून घ्यावें, आरडाओरड करून आळी जागी करावी. पण रिकाम्या हातानें पळणाऱ्याच्या पाठींत घातलेला घाव कायदा संरक्षण म्हणून मोजीत नाहीं.